'घाबरण्याचं कारण नाही' असं ऐकलं की तुम्हाला धीर येतो की धडकी भरते?

जरा_थांबा
परवापासून आमच्या शहराच्या जवळपास अर्ध्या भागात गॅससारखा वास येतोय. पहिल्या दिवशी प्रत्येकाला वाटलं आपल्याच घरात शेगडी चालू राहिली. काल सकाळी महापौर टीव्हीवर आल्या आणि म्हणाल्या, "नागरिकांनी घाबरून जाण्याचं कारण नाही, परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये." तोपर्यंत माझी आई निवांत भाजी निवडत बसली होती. हे ऐकलं आणि उठली, कपाटातून बॅग काढली, त्यात औषधं, चष्मा, बँकेची पुस्तकं, टूथब्रश भरला आणि बॅग दारापाशी नेऊन ठेवली. मी म्हटलं अगं त्या तर काळजी करू नका म्हणतायत, तर म्हणाली, "म्हणूनच."

तर प्रश्न असा आहे की शहराची जबाबदारी असलेल्या माणसांनी अशा वेळी नेमकं बोलायचं तरी काय? गप्प बसले तर लपवतायत, बोलले तर काहीतरी आहे म्हणूनच बोलतायत. तुमचे अनुभव, उदाहरणं, कुणी चांगलं बोललेलं आठवत असेल तर तेही लिहा. राजकीय पक्षांवर भांडू नका प्लीज, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

तिरकस
तुमच्या आईंना माझा साष्टांग नमस्कार. सरकारी मराठीचा इतका अचूक अनुवाद मी पाहिला नाही.

शंकासुर
मी एक खेळ बनवलाय. असं निवेदन सुरू झालं की खालचे शब्द खोडत जायचे: 'परिस्थिती नियंत्रणात', 'यंत्रणा सज्ज', 'सतर्क', 'युद्धपातळीवर', 'चौकशीचे आदेश', 'दोषींची गय केली जाणार नाही', 'अफवा'. सगळे आले की घरातल्या सगळ्यात लहान मुलाने टाळी वाजवायची. आमचा रेकॉर्ड चाळीस सेकंदांचा आहे.

निवांत_माणूस
सगळे लगेच टिंगल करायला बसले. अहो महापौरांनी म्हणायचं तरी काय? 'मला माहीत नाही, पळा' असं? लाखो लोक एकाच वेळी रस्त्यावर आले तर वासाने नाही तर चेंगराचेंगरीने माणसं मरतील. शांत ठेवणं हे त्यांचं कामच आहे.

मध्यलय
@निवांत_माणूस 'मला माहीत नाही' असं म्हणूनही शहर शांत राहू शकतं की. योगायोग म्हणजे अगदी असाच प्रकार न्यूयॉर्कमध्ये घडलेला. ८ जानेवारी २००७, मॅनहॅटनच्या बऱ्याच भागात सकाळी गॅसचा वास. काही इमारती रिकाम्या केल्या, काही गाड्या थांबवल्या. महापौर मायकेल ब्लूमबर्ग पत्रकारांसमोर आले आणि सरळ म्हणाले की वास कुठून येतोय ते आम्हाला अजून कळलेलं नाही, पण हवा मोजली, गॅसचं प्रमाण धोकादायक नाही, कदाचित हा नुसताच घाण वास असेल. म्हणजे काय माहीत नाही ते एका वाक्यात आणि काय मोजलं ते दुसऱ्या वाक्यात. वासाचा उगम शेवटपर्यंत पक्का कळला नाही, लोक मात्र दुपारपर्यंत कामाला लागले होते.

नीरजा७
आणि त्याच शहरातला गोड वास विसरलात का! २००५ पासून मधूनमधून मेपल सिरपसारखा वास यायचा, लोक घाबरून तक्रारी करायचे की हा काही रासायनिक हल्ला तर नाही. शेवटी २००९ च्या फेब्रुवारीत ब्लूमबर्ग यांनीच जाहीर केलं की नदीपलीकडे न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया होते, त्याचा वास वाऱ्याबरोबर येतो. तक्रारी कुठून आणि कधी आल्या ते नकाशावर मांडून, त्या वेळचा वारा बघून शोधलं.

तिरकस
म्हणजे एवढ्या महासत्तेला चार वर्षं मेथी ओळखता आली नाही. आमच्याकडची कुठलीही आजी एका श्वासात सांगेल.

पाणक्या
वासाबद्दल थोडं तांत्रिक. पाइपातल्या नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि ते नाकाला फार कमी प्रमाणातही कळतं. मिथेन पेट घ्यायला हवेत साधारण ५ टक्के तरी लागतो, वास त्याच्या खूप आधी येतो. तेव्हा वास येणं म्हणजे लगेच स्फोट नव्हे, पण वास येतोय म्हणून दुर्लक्षही करायचं नाही. खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, बाहेर जाऊन फोन करा. @जरा_थांबा तुमच्या महापौरांनी यातलं काही सांगितलं का?

जरा_थांबा
एक अक्षर नाही. हेच तर. 'घाबरू नका' सांगितलं, बटणाचं मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.

कुंदामावशी
मला आधार नेत्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या पायांचा वाटतो. तो कुठे उभा आहे ते बघते मी. लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले, त्यानंतरच्या सोमवारी तिथले महापौर केन लिव्हिंगस्टोन त्याच भुयारी रेल्वेने कामावर गेले. भाषण कुणालाही करता येतं हो.

शंकासुर
@कुंदामावशी पायांचंही नाटक होतं. मिशिगनमधलं फ्लिंट आठवा. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी डेट्रॉइटच्या पुरवठ्यावरून फ्लिंट नदीवर वळवलं. पाणी तपकिरी, घाण वास, अंगावर पुरळ, बायका बाटल्या भरभरून सभेत घेऊन जायच्या. २०१५ च्या जुलैत महापौर डेन वॉलिंग यांनी टीव्हीवर नळाचं पाणी पिऊन दाखवलं, बघा, आम्ही घरी हेच पितो. दोन-तीन महिन्यांत तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले आणि ऑक्टोबरमध्ये पाणी परत डेट्रॉइटवर. नोव्हेंबरमध्ये वॉलिंग निवडणूक हरले.

आणि मला वाटतं तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे जास्त भयंकर आहे. त्याला राज्याच्या खात्याने सांगितलं पाणी चांगलं आहे, त्याने विश्वास ठेवला. शिसं ना दिसतं ना चवीला लागतं. एक ग्लास पिऊन काहीच सिद्ध होत नाही, पण कॅमेऱ्यासमोर फार छान दिसतं.

खडूपाटी
नदीचं पाणी जास्त गंजवणारं होतं आणि पाइपाला आतून थर धरावा म्हणून जे रसायन टाकतात ते टाकलंच नव्हतं, त्यामुळे जुन्या पाइपांचं शिसं सुटून पाण्यात आलं. नदीत शिसं नव्हतं, घराच्या पाइपात होतं. त्यामुळे 'प्लांटवर पाणी तपासलं, उत्तम आहे' हे वाक्य खरंही होतं आणि घरातल्या नळाच्या बाबतीत निरुपयोगीही.

पाणक्या
आता विषय पाण्यावर आलाच आहे तर माझं पाप सांगून टाकतो. मी एका नगरपालिकेच्या (नाव विचारू नका) पाणीपुरवठ्यात होतो. एका पावसाळ्यात दोन वॉर्डांत गढूळ पाणी आलं, फोन वाजायला लागले. आम्ही सकाळी टोकाच्या नळांवर जाऊन क्लोरीन तपासला. ते सोपं असतं, छोट्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की पट्टीशी ताडून बघायचा. पिवळा आला, म्हणजे क्लोरीन शिल्लक होता. पण जंतूंची खरी तपासणी तशी होत नाही, नमुना प्रयोगशाळेत उबवायला ठेवावा लागतो, चोवीस तास तरी जातात.

मी निवेदनाचा मसुदा लिहिला: "टोकाच्या नळांवर क्लोरीन पुरेसा आढळला. जंतूंच्या तपासणीचा अहवाल उद्या दुपारी येईल. तोपर्यंत पाणी उकळून प्यावं." साहेबांनी लाल पेन काढला. 'उद्या दुपारी येईल' खोडलं, म्हणाले उद्या आला नाही तर? 'उकळून प्यावं' खोडलं, म्हणाले म्हणजे आपण कबूल केलं ना की गडबड आहे. उरलं ते पहिलं वाक्य, त्याचंही 'पाणी पिण्यास पूर्णपणे सुरक्षित आहे' झालं. मी सही घेतली आणि पाठवून दिलं. मोठा गाजावाजा होईल असं काही घडलं नाही, अहवाल ठीक आला. पण त्या रात्री मी स्वतःच्या घरी पाणी उकळूनच प्यायलो, आणि बायकोने विचारलं का हो, तर तिला म्हणालो सवय म्हणून.

कुंदामावशी
@पाणक्या हे लिहायला धाडस लागतं. खरंच.

तिरकस
यापुढे निवेदनाच्या खाली एक ओळ सक्तीची करावी: 'हे लिहिणारा आज घरी काय पितोय.'

निवांत_माणूस
पण अहवाल ठीक आला ना? मग साहेब बरोबरच होते की. तुमचा मसुदा गेला असता तर अख्ख्या गावाने टँकरसाठी रांगा लावल्या असत्या.

मध्यलय
@निवांत_माणूस साहेब बरोबर नव्हते, साहेबांचं नशीब बरोबर होतं. ज्यांचं नशीब नव्हतं त्यांची यादी बघा. १९१८, फिलाडेल्फिया, फ्लूची साथ शहरात शिरलेली. आरोग्यप्रमुख विल्मर क्रूझन लोकांना धीर देत राहिले आणि युद्धासाठी कर्जरोखे विकायला काढलेली २८ सप्टेंबरची मिरवणूक रद्द करा असं डॉक्टर सांगत असताना होऊ दिली. साधारण दोन लाख लोक रस्त्यावर. तीन दिवसांत दवाखाने भरले, पुढच्या सहा आठवड्यांत १२,००० च्या वर माणसं गेली. सेंट लुईसचे आरोग्य आयुक्त मॅक्स स्टार्कलॉफ यांनी लोकांच्या शिव्या खाऊन शाळा, थिएटरं, सभा लवकर बंद केल्या, तिथलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी राहिलं.

शंकासुर
यादीत २००१ चं न्यूयॉर्कही घाला. मनोरे कोसळल्यावर आठवड्याभरात, १८ सप्टेंबरला, पर्यावरण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा श्वासाला सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. २००३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी अहवालात म्हटलं की असं सरसकट विधान करण्याइतकी माहिती तेव्हा हातात नव्हती, आणि व्हाइट हाऊसच्या सांगण्यावरून निवेदनात धीराची वाक्यं घातली आणि सावधगिरीची काढली. पाणक्यांच्या साहेबांचाच लाल पेन, फक्त मोठ्या साइजचा. ढिगाऱ्यावर काम केलेली हजारो माणसं नंतर आजारी पडली.

नीरजा७
आणि त्याच शहरात त्याच आठवड्यात उत्तम बोललेलंही उदाहरण आहे. महापौर रूडी जुलियानी यांना ११ सप्टेंबरला दुपारी विचारलं किती माणसं गेली असतील. त्यांनी आकडा दिला नाही, 'फार नाहीत' असंही म्हणाले नाहीत. जो काही आकडा येईल तो आपल्यापैकी कुणालाच सोसवणार नाही, अशा अर्थाचं बोलले. नंतरचे जुलियानी सोडून द्या, पण त्या दिवशी लोकांना धीर आला तो यामुळेच, की हा माणूस आपल्याशी लपवाछपवी करत नाहीये. वाईट बातमीने पण धीर येतो, हे विचित्र वाटतं पण येतो.

आजोबा_ऑनलाइन
मी वयाने मोठा म्हणून एक अवघड उदाहरण टाकतो. १२ मार्च १९९३, मुंबईत बॉम्बस्फोट. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली होऊन दोन महिने झालेले. मुख्यमंत्री शरद पवार दूरदर्शनवर आले आणि स्फोटांच्या ठिकाणांत त्यांनी मस्जिद बंदरचंही नाव घेतलं. तिथे स्फोट झालाच नव्हता. बाकीची ठिकाणं हिंदूबहुल होती, दोन्ही समाजांवर हल्ला झालाय असं वाटावं आणि पुन्हा दंगल पेटू नये म्हणून मुद्दाम सांगितलं, असं त्यांनी नंतर स्वतः जाहीर कबूल केलं. आता सांगा, हे खोटं चांगलं की वाईट? मी तीस वर्षं विचार करतोय, दर वर्षी उत्तर बदलतं.

निवांत_माणूस
बघा! मी तेच म्हणत होतो. माणसं वाचली ना.

खडूपाटी
मला हे पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. फरक एवढाच दिसतो की ते खोटं 'तुम्ही सुरक्षित आहात' असं नव्हतं. त्यावर विसंबून कुणी धोक्याच्या जागी गेलं नाही. फ्लिंटमध्ये लोक त्या शब्दावर पाणी प्यायले.

शंकासुर
@खडूपाटी पण हप्ता पुढच्याला भरावा लागतो. एकदा कळलं की आणीबाणीत सरकार सोयीचं बोलतं, मग पुढच्या आणीबाणीत खरं बोललं तरी लोक दारापाशी बॅग ठेवतात.

आजोबा_ऑनलाइन
यंदाचं उत्तर तुमच्या बाजूला झुकतंय. पुढच्या वर्षी विचारा.

कुंदामावशी
जड झालं. कुणीतरी हसवा.

तिरकस
घ्या. टोरांटो, २००३ ची सार्सची साथ. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं टोरांटोला जाणं टाळा. महापौर मेल लास्टमन चिडले आणि सीएनएनवर जाऊन त्या संघटनेबद्दल म्हणाले की ही मंडळी कोण मला माहीत नाही, मी तर यांचं नावही ऐकलेलं नाही. साथ चालू असताना, शहराला धीर द्यायला.

दुसरं, हवाई, १३ जानेवारी २०१८. सगळ्यांच्या फोनवर क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, हा सराव नाही. चुकून गेलेला मेसेज. दुरुस्तीचा मेसेज फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. गव्हर्नर डेव्हिड इगे यांना काही मिनिटांतच कळलेलं की खोटं आहे, पण ट्विट करायला उशीर झाला कारण त्यांना स्वतःच्या ट्विटर खात्याचं लॉगिन आठवेना. नंतर स्वतःच सांगितलं.

कुंदामावशी
अगं बाई. म्हणजे आम्हीच नाही फक्त.

नीरजा७
टोरांटोची पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. महिन्याभरात संपलं म्हणून दवाखान्यांतली बंधनं सैल केली आणि मे महिन्यात दुसरी लाट आली.

मंदाकिनी_
पहिल्यांदाच लिहितेय. पोलिसांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. रस्त्यावर जास्त पोलिस दिसले की तुम्हाला बरं वाटतं की भीती वाटते? मला दुसरं. आमच्या चौकात एके दिवशी अचानक बंदूकधारी उभे केले, कुणी काही सांगेना, मी मुलीला शाळेतून लवकर घेऊन आले. नंतर कळलं कुणीतरी मोठा माणूस जाणार होता.

मध्यलय
@मंदाकिनी_ स्वागत. तुमच्या मुद्द्यावर लंडनचं उदाहरण आहे. ३ जून २०१७ ला लंडन ब्रिजवर हल्ला, दुसऱ्या दिवशी महापौर सादिक खान म्हणाले की आज आणि पुढचे काही दिवस तुम्हाला जास्त पोलिस दिसतील, त्याने घाबरून जाण्याचं कारण नाही. म्हणजे तुमच्या चौकात जे कुणी सांगितलं नाही तेच त्यांनी सांगितलं. ट्रम्प यांनी त्यातलं शेवटचं अर्धं वाक्य उचललं आणि ट्विट केलं की एवढी माणसं मेली आणि महापौर म्हणतो घाबरू नका. अख्खं जग त्या अर्ध्या वाक्यावर भांडलं.

शंकासुर
म्हणून म्हणतो, ते वाक्यच शब्दकोशातून काढा. ते नेहमी एकटंच पळून जातं.

खडूपाटी
शब्दांइतकंच स्टिकरचंही. क्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ चा भूकंप झाला, थेट बळी कुणी नाही, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. इमारती भराभर बघून दारावर हिरवे, पिवळे, लाल कागद लावले. हिरव्याचा खरा अर्थ एवढाच की वरवर पाहता मोठं नुकसान दिसलं नाही, आत जायला मनाई नाही. लोकांनी वाचला तो 'सुरक्षित' असा. हिरवा रंग दुसरं काय सांगणार? २२ फेब्रुवारी २०११ ला ६.३ चा बसला, शहराच्या अगदी जवळ. १८५ गेले, त्यातले ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. तिच्यावरही हिरवा कागद होता.

मी स्वतः इमारतींच्या तपासणीची कामं करतो म्हणून हे डोक्यातून जात नाही. लोक विचारतात 'सेफ आहे ना?' आणि माझ्या अहवालात तो शब्दच नसतो. मी लिहितो 'तडे आढळले नाहीत'. त्यांना 'हो' हवं असतं. खरं सांगायचं तर 'हो' म्हणायचा मोह रोज होतो, समोर म्हातारी माणसं उभी असतात.

मध्यलय
@खडूपाटी इटलीचं लाक्विला त्याहून वाईट. २००९ मध्ये कित्येक महिने बारीक धक्के बसत होते. तिथली जुनी रीत अशी की धक्का बसला की रात्री घराबाहेर यायचं, चौकात नाहीतर गाडीत झोपायचं. मार्चअखेरीस नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख टीव्हीवर म्हणाले की छोटे धक्के चांगलेच, ऊर्जा निघून जाते, निवांत वाइन घ्या. शास्त्र तसं नाहीच. ६ एप्रिलला पहाटे मोठा भूकंप, ३०९ बळी. नातेवाइकांचं म्हणणं होतं की त्या रात्री आधी धक्के बसले तरी आमची माणसं घरातच थांबली, कारण सांगितलं होतं. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि या अधिकाऱ्याला शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण टिकली.

म्हणजे लोकांकडे आजी-आजोबांपासून आलेली एक सवय होती, ती एका मुलाखतीने मोडली.

निवांत_माणूस
हं. हे माहीत नव्हतं. हे मी मान्य करतो, हे वाईट आहे.

तिरकस
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आजोबा_ऑनलाइन
गुन्हेगारीच्या बाबतीत काय? तिथे तर रोजचंच, 'गुन्हे घटले' म्हणून आकडे येतात आणि बायका अंधार पडायच्या आत घरी.

मंदाकिनी_
आकड्याने रस्त्यावर उजेड पडत नाही. आमच्या गल्लीतला दिवा लागला तेव्हा मला बरं वाटलं, पत्रकाने नाही. एवढंच.

शंकासुर
शिकागोच्या महापौर जेन बर्न १९८१ मध्ये कॅब्रिनी-ग्रीन नावाच्या वस्तीत स्वतः राहायला गेल्या होत्या, टोळ्यांच्या गोळीबारात माणसं मेल्यानंतर. तीनेक आठवडे राहिल्या. भोवती पोलिसांचा गराडा. त्या होत्या तोवर वस्ती शांत, गेल्या की जैसे थे. कुंदामावशींचे पाय परत गेले की संपलं.

नीरजा७
त्यापेक्षा कोलंबियातल्या बोगोटाचे आंतानास मोकुस मला आवडतात. गणिताचा प्राध्यापक, थेट महापौर झाला. वाहतुकीला शिस्त लावायला चौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, नियम मोडणाऱ्याची ते नुसती नक्कल करायचे. पादचारी जिथे मेले तिथे रस्त्यावर तारे रंगवले. म्हणजे 'शहर सुरक्षित आहे' म्हणण्याऐवजी 'इथे माणूस मेला' असं रस्त्यावर लिहिलं! स्वतःला धमक्या आल्या तेव्हा बुलेटप्रूफ जॅकेट घातलं पण छातीवर हृदयाच्या आकाराचं भोक पाडून. रस्ते अपघातातले मृत्यू त्या काळात निम्म्याहून कमी झाले.

निवांत_माणूस
आमच्याकडे चौकात मूकाभिनय केला तर लोक त्याच्याच बरोबर सेल्फी काढतील, अपघात वाढतील.

पाणक्या
सुरतेचं कुणी लिहिलं नाही. सप्टेंबर १९९४, प्लेगची बातमी आली आणि लाखो लोकांनी काही दिवसांत शहर सोडलं. त्या वेळी कितीही 'घाबरू नका' सांगितलं तरी गाड्या भरभरून माणसं निघाली, खासगी डॉक्टरही निघाले. मग १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी धीर देणारी भाषणं केल्याचं मी कधी वाचलं नाही, अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालयातून बाहेर काढून कचरा, गटारं बघायला पाठवायचे, त्याला तिथे 'एसी टू डीसी' म्हणायचे, एअर कंडिशनमधून डेली चोअर्सकडे. दोनेक वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घ्यायला लागले. आमच्या खात्यात हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचे आणि प्रशिक्षण एसीत असायचं.

खडूपाटी
शेवटच्या वाक्याला दंडवत. तरी 'काम करा, बोलू नका' एवढ्यावरही भागत नाही हां. जपानमध्ये फुकुओका शहरात ८ नोव्हेंबर २०१६ ला स्टेशनजवळ रस्त्यात प्रचंड खड्डा पडला, आठवड्यात भरून रस्ता चालू. महापौर म्हणाले जमीन आधीपेक्षा तीसपट मजबूत झालीय. दहा-बारा दिवसांत तोच रस्ता ७ सेंटीमीटर खचला आणि परत बंद करावा लागला. धोका नव्हता, भरावाचं साहित्य थोडं बसणार हे अभियंत्यांना आधीच माहीत होतं. लोकांना सांगायचं राहिलं, त्याबद्दल माफी मागावी लागली. 'थोडा खचेल, घाबरू नका' हे आधी सांगितलं असतं तर लोकांनी पट्टी घेऊन मोजलं असतं आणि खूश झाले असते.

मध्यलय
पीटर सँडमन नावाचे एक सल्लागार आहेत, अख्खी हयात याच विषयात. त्यांचं सूत्र आहे की लोकांना जाणवणारी जोखीम म्हणजे प्रत्यक्ष धोका अधिक संताप. धोका कमी असला तरी 'आम्हाला विचारलं नाही, सांगितलं नाही' हा संताप मोठा असेल तर भीती मोठीच राहते. ते तर म्हणतात की गरजेपेक्षा जास्त धीर देऊच नका. काकूंनी बॅग काढली ती बहुतेक संतापाने, वासाने नाही.

जरा_थांबा
@मध्यलय आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "संताप कसला, माझा चष्मा हाताशी असावा म्हणून."

बरं, अपडेट. आज संध्याकाळी सहाला दुसरं निवेदन आलं, या वेळी महापौर नाहीत, अग्निशमन दलाचे अधिकारी होते, कागद हातात धरून, चष्मा नाकावर, जरा अडखळत बोलत होते. वास कुठून येतो अजून सापडलेलं नाही. चाळीस ठिकाणी मीटर लावले, कुठेही गॅस पेट घेण्याच्या जवळपास नाही. उत्तरेकडची मुख्य वाहिनी तपासून झाली, पूर्वेकडची चालू आहे. वास घरात जास्त आणि बाहेर कमी असेल तर या नंबरवर फोन करा, बटणं दाबू नका (पाणक्या, तुमचंच!). पुढची माहिती रात्री नऊला देऊ, नवीन काही नसलं तरी.

तिरकस
'नवीन काही नसलं तरी'?? या माणसाची बदली पक्की.

शंकासुर
माझ्या खेळात एकही शब्द खोडता आला नाही. निषेध.

पाणक्या
त्यांच्या साहेबांचा लाल पेन आज हरवला असणार.

निवांत_माणूस
@जरा_थांबा नऊला काय सांगितलं? साडेनऊ झाले.

जरा_थांबा
नऊ वाजून दोन मिनिटांनी आले. पूर्वेकडची वाहिनी निम्मी झाली, काही सापडलं नाही, वास थोडा कमी वाटतोय पण खात्री नाही, आता सकाळी सातला. मिनिटभरात संपलं.

आईने टीव्ही बंद केला, बॅगेतून टूथब्रश तेवढा काढला, दात घासले आणि झोपायला गेली. बॅग दारापाशीच आहे. सातचा गजर लावायला सांगितलाय मला.

कुंदामावशी
सात वाजता इथेही लिही गं. आम्हीही जागे आहोत.